गर्भपाताचे आकडे: सात लाख की दीड कोटी? आणि गोव्याचे किती?

वाळवंटी (साखळी) | ७ जुलै, रात्री ९:१०

मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. गेल्या आठवड्यात लोकसंख्येचा धडा चालू असताना दुसऱ्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, आपल्या देशात वर्षाला गर्भपात किती होतात? ते वाढतायत की कमी होतायत?" मी म्हटलं, उद्या सांगतो. त्या 'उद्या'ला आता आठ दिवस झाले.

शोधायला बसलो आणि गोंधळून गेलो. २०१५च्या सुमारास सरकारी नोंदींत वर्षाला साधारण सात लाख. त्याच २०१५ सालासाठी 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेला अंदाज १ कोटी ५६ लाख. म्हणजे बावीस पट! मागे गेलो तर शांतीलाल शाह समितीच्या १९६६च्या अहवालात ३९ लाख. २००० ते २००४ या काळातल्या गर्भपात मूल्यमापन प्रकल्पाचा अंदाज ६४ लाख. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९-२१) म्हणते, शंभर गरोदरपणांत जेमतेम तीन.

३९, ६४, १५६ असे ठिपके जोडले तर रेषा सरळ वर चढते. ती फळ्यावर काढली तर मुलांना खरं शिकवलं असं होईल का? आणि गोव्याचा आकडा कुणाला ठाऊक आहे का?

चांगलं-वाईट यावर लोक बोलतीलच आणि बोलावं. पण आधी मोजणीचं बघू या.

दामोदर_मडगाव | रात्री ९:३२

कागदावर आहेत ते सात लाख खरे. बाकी सगळे अंदाज. अंदाजावर कुणी काहीही लिहील.

गणितवेडा (फोंडा) | रात्री १०:०५

वाळवंटीबाब, ती रेषा काढू नका. तिन्ही ठिपके वेगवेगळ्या घरचे आहेत.

शाह समिती १९६४ साली नेमली, अहवाल १९६६च्या अखेरीस आला. समितीने घरोघर जाऊन मोजलेलं नाही. तिने धरून चाललेलं गणित असं: शंभर गरोदरपणांतून ७३ जिवंत बाळं, २ मृतजन्म, २५ गर्भपात. त्या पंचविसांतले १५ करून घेतलेले, १० आपोआप झालेले. देश तेव्हा ५० कोटींचा, जन्मदर हजारी ३९. म्हणजे वर्षाला १ कोटी ९५ लाख जन्म. त्याला १५ने गुणा, ७३ने भागा. ४० लाख येतात. अहवालातले ३९ लाख ते हेच. पेन्सिल घेऊन करून बघा. हा आकडा मुळात जन्मांचा आहे, त्याला एक गुणोत्तर लावलंय.

२०१५चा अंदाज काढायची रीतच वेगळी. आसाम, बिहार, गुजरात, मध्य प्रदेश, तामिळनाडू आणि उत्तर प्रदेश या सहा राज्यांतल्या ४,००१ सरकारी-खाजगी आरोग्यसंस्थांकडे चौकशी केली. त्यात देशभरातल्या गर्भपाताच्या गोळ्यांच्या विक्रीचे आकडे आणि स्वयंसेवी संस्थांनी वाटलेल्या गोळ्या मिळवल्या. उत्तर आलं १ कोटी ५६ लाख. त्यातले १ कोटी २७ लाख, म्हणजे ८१ टक्के, गोळ्यांनी झालेले. शस्त्रक्रियेने १४ टक्के. उरलेले ५ टक्के इतर मार्गांनी, आणि ते मार्गच बहुतेक जिवावरचे असतात.

आता दामोदरबाबांच्या सात लाखांचं. त्याच अभ्यासात दवाखाना-इस्पितळात झालेले गर्भपात फक्त २२ टक्के, सुमारे ३४ लाख. ७३ टक्के, म्हणजे १ कोटी १५ लाख, दवाखान्याबाहेर गोळ्या घेऊन. दवाखान्याबाहेर रजिस्टर नसतं. म्हणून सात लाख हे 'किती झाले' याचं उत्तर नव्हे, 'किती लिहिले गेले' याचं आहे.

दामोदर_मडगाव | रात्री १०:२०

विक्री झाली म्हणजे वापर झाला असं कसं? आमच्या घरात क्रोसिनच्या दहा पट्ट्या पडून असतात.

गणितवेडा (फोंडा) | रात्री १०:२८

रास्त शंका. वाया जाणाऱ्या गोळ्यांचा हिशेब त्यांनी वजा केलाय. तरी तो अंदाजच. पण कितीही कापलं तरी दीड कोटीचे सात लाख होत नाहीत.

शेजारचा_मिठाईवाला | रात्री १०:४१

शेजारच्या देशांत किती? आपण जगावेगळे आहोत का?

गणितवेडा (फोंडा) | रात्री १०:५५

नाही. १५ ते ४९ वयाच्या हजार बायकांमागे भारतात ४७. अशाच पद्धतीच्या अंदाजांत पाकिस्तान ५० (२०१२), नेपाळ ४२ आणि बांगलादेश ३९ (दोन्ही २०१४). कायदे चारही देशांचे वेगळे, धर्म वेगळे, आकडे मात्र एकाच पट्ट्यातले. मला स्वतःला यातली हीच गोष्ट सगळ्यात विचार करायला लावणारी वाटते.

जुनी_एएनएम (सत्तरी) | ८ जुलै, सकाळी ६:५०

मी एकतीस वर्षं उपकेंद्रावर काढली. इतर राज्यांत आशा असतात, आपल्या गोव्यात त्या नाहीत, त्यामुळे घरोघर जाणं एएनएमच्या, म्हणजे उपकेंद्रावरच्या नर्सच्या, पायांवरच. पावसात ओहोळ भरला की पलीकडच्या वाड्यावर दोन-दोन दिवस जाता यायचं नाही.

तुम्ही शिकलेली माणसं आकड्यांचं बोलताय. मी शब्दाचं सांगते. जोडप्यांच्या रजिस्टरात पाळी, गरोदरपण, बाळंतपण सगळं लिहायचं असतं. मागच्या भेटीत तीन महिने झालेली बाई या भेटीत अंगण सारवताना दिसायची, पोट सपाट. विचारलं की म्हणायची, "पडलें." बस्स. आपोआप पडलं की कुणी करून आणलं, हे तो शब्द सांगत नाही. मीही खोदून विचारत नसे, कारण सासू दारात उभी असायची.

एकीने मात्र स्वतःहून सांगितलं होतं. घरी कुणी नव्हतं. चार लेकरं आधीची, नवरा खाणीवर. सगळं सांगून झाल्यावर माझ्या हातातलं पेन धरलं आणि म्हणाली, "बाई, पाडलें म्हूण बरोवं नाकात, पडलें म्हूण बरयात." म्हणजे पाडलं असं लिहू नका, पडलं असं लिहा. मी तसंच लिहिलं. सरकारच्या बेरजेत ती बाई त्या दिवशी दुसऱ्या रकान्यात गेली. मला अजून ती ओळ डोळ्यांपुढे दिसते, पण पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा तेच लिहीन.

वाळवंटी (साखळी) | सकाळी ७:३०

बाई, तुम्ही जे लिहिलंत ते कुठल्याच अहवालात मला सापडलं नसतं. हात जोडतो.

आणि यावरून एक लक्षात आलं. मराठीतला 'गर्भपात' शब्दसुद्धा दोन्हींना चालतो. शाह समितीची बेरीज ६५ लाख होती: ३९ लाख केलेले आणि २६ लाख आपोआप झालेले. मराठी लेखांत कधी '३९ लाख गर्भपात' वाचलंय, कधी '६५ लाख गर्भपात'. दोन्ही बरोबर आणि वाचणारा गोंधळात.

वैद्य_कुंकळ्ये | सकाळी ८:१५

थोडं विषयांतर करतो. जुन्या वैद्यकात दोन शब्द होते. सुश्रुताने चौथ्या महिन्यापर्यंत होतो त्याला स्राव म्हटलं आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात होतो त्याला पात. हा भेद महिन्यांचा, आपोआप की केलेला असा नव्हे. आजच्या कागदांवर 'आपसूक गर्भपात' आणि 'वैद्यकीय गर्भपात' असं लिहितात, पण बोलताना कोण एवढं लांब बोलतंय.

फार्मसी_म्हापसा | सकाळी ११:४०

काउंटरच्या या बाजूने सांगतो. गर्भपाताच्या दोन औषधांपैकी मिफेप्रिस्टोनला आपल्याकडे २००२ साली परवानगी मिळाली, दुसरं मिसोप्रोस्टोल. दोन्ही औषधं एका पाकिटात असलेला किट २००८च्या अखेरीस मंजूर झाला. तिथून सगळं बदललं. त्याआधी लोक दुकानात यायचे ते 'पाळी यायचं औषध आहे का' म्हणून. नंतर थेट 'किट' मागू लागले. मागणारे दहांत आठ पुरुष. नवरे, मित्र, एखादा भाऊ. पाच माणसं उभी असली तर बाहेर थांबतात, दुकान रिकामं झालं की आत येतात आणि हळू आवाजात सांगतात.

औषध शेड्यूल एचमधलं आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. मी चिठ्ठीशिवाय कधी दिलं नाही. पुढे तपासण्या वाढल्या, प्रत्येक पाकिटाचा हिशेब द्यायची वेळ आली, तेव्हा मी ठेवणंच सोडलं. याचा मला अभिमान नाही. चिठ्ठी घेऊन आलेल्या बाईलाही आता मी 'नाही' म्हणतो, आणि ती पुढे कुठे जाते ते मला माहीत नसतं.

एक कळकळीने सांगतो: गर्भ नळीत राहिला असेल तर या गोळ्यांचा उपयोग नसतो आणि नळी फुटली तर बाई तासाभरात हातची जाऊ शकते. आधी डॉक्टरकडे जाणं त्यासाठी. कागदासाठी नव्हे.

निवृत्त_स्त्रीरोग | दुपारी १:०५

म्हापशेकरांना दुजोरा. आणि मोजणीसाठी महत्त्वाची एक जोड. घरी गोळ्या घेऊन रक्तस्राव थांबेना म्हणून रात्री जी बाई येते, ती गोळ्यांबद्दल बोलत नाही. केसपेपरवर 'अपूर्ण गर्भपात' एवढंच लिहिलं जातं, पिशवी साफ केली जाते, सकाळी ती घरी. कायद्याखालच्या रजिस्टरात तिची नोंद होत नाही, कारण गर्भपात आम्ही केलेलाच नसतो.

गर्भपाताचा कायदा १९७१चा, अंमल १ एप्रिल १९७२पासून. मी त्यानंतर काही वर्षांनी शिकायला लागलो, तेव्हाही वॉर्डाचा एक कोपरा 'सेप्टिक' म्हणून वेगळा असायचा. काड्या, मुळ्या, कुणीतरी कुठेतरी केलेलं. ताप १०४, पोट फळीसारखं. बावीस-तेवीस वर्षांच्या मुली. तो वास मी विसरलो नाही. माझ्या निवृत्तीच्या वेळी तो कोपरा राहिला नव्हता, महिनोन्‌महिने तशी रुग्ण येत नसे. देशाच्या नमुना नोंदणीत २००१-०३ साली मातामृत्यूंपैकी ८ टक्के गर्भपातामुळे होते. तेव्हा एकूण मातामृत्यूंचं प्रमाण लाख जन्मांमागे ३०१ होतं, २०१८-२०मध्ये ते ९७वर आलं. वाळवंटी सर, तुम्हाला काळाबरोबर बदललेली रेषा दाखवायचीच असेल तर ही दाखवा. मेलेली माणसं मोजताना चूक कमी होते.

कुळागर | दुपारी ३:२०

सगळं वाचलं. माझं मत वेगळं आहे आणि ते मी कुणाला दुखवायला मांडत नाही. मी कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग, राखतो; माडाला कोंब फुटला तरी आमच्या घरात पाणी घालायला धावतात. तुम्ही १ कोटी ५६ लाख म्हणता तेव्हा मला तेवढे जीव दिसतात. ते पद्धतीच्या चर्चेत हरवून जाऊ नयेत एवढंच. सोय म्हणून केलेल्यांचाही यात मोठा वाटा असणार.

सुरंगी | दुपारी ४:५५

कुळागरबाब, तुमच्या बोलण्यात राग नाही हे कळतं, म्हणून लिहिते. इथे दहा वर्षं आहे, हे कधी लिहिलं नव्हतं.

१९९८. मोठी मुलगी अडीच वर्षांची, धाकटा आठ महिन्यांचा, अंगावर पीत होता. पाळी आलीच नव्हती, त्यामुळे दिवस राहिलेले कळायलाच उशीर. माझं हिमोग्लोबिन सात. नवरा बोटीवर, सहा महिने परत येणार नव्हता. गोव्यातल्या एका इस्पितळात गेले. तिथे सांगितलं, नवऱ्याची सही आणा. मी म्हटलं, तो समुद्रावर आहे. मग सासऱ्यांची आणा म्हणाले. सासऱ्यांची! मी उठून आले.

शेवटी थोरली बहीण मला बेळगावला घेऊन गेली. पहाटेची बस, चोर्ला घाटात मला तीनदा उलटी झाली, बहिणीच्या मांडीवर धाकटा. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझीच सही घेतली आणि म्हणाल्या, कायद्याला एवढीच लागते. संध्याकाळी परत. घरी सांगितलं, बहिणीकडे गेले होते.

यात सोय कुठली होती ते तुम्ही मला सांगा. त्या बाळाचा विचार मी केला नाही असं समजू नका. आजही हिशेब करते, आता किती वर्षांचं असतं.

कुळागर | संध्याकाळी ५:३०

सुरंगीबाय, 'सोय' हा शब्द मी मागे घेतो. मत बदललं असं म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण तो शब्द चुकला.

पणजीवकील | संध्याकाळी ६:१०

सुरंगीताईंना अडवलं ते बेकायदेशीर होतं. १९७१च्या मूळ कायद्यातही सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरेशी होती. नवऱ्याची, सासऱ्याची, कुणाचीच सही लागत नव्हती. अठरा वर्षांखालील मुलगी किंवा मानसिक आजार असलेली स्त्री असेल तेव्हाच पालकाची संमती.

अविवाहित मुलींबद्दलही गैरसमज आहे. गर्भनिरोधक फसलं हे कारण जुन्या कायद्यात फक्त 'विवाहित स्त्री आणि तिचा पती' यांच्यासाठी होतं. २०२१च्या दुरुस्तीने 'स्त्री आणि तिचा जोडीदार' असे शब्द आले, अंमल २४ सप्टेंबर २०२१पासून. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, ठरावीक प्रकारच्या स्त्रियांना वीस ते चोवीस आठवड्यांत दोघांचं. आणि २९ सप्टेंबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या वीस ते चोवीस आठवड्यांच्या सवलतीतून अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही.

नोंदीचंही सांगतो. कायद्याखाली दाखल स्त्रियांचं रजिस्टर म्हणजे फॉर्म तीन. ते गुप्त दस्तऐवज आहे. दरवर्षी जानेवारीपासून नवे अनुक्रमांक पडतात आणि बाकीच्या कागदांवर नावाऐवजी तो क्रमांक आणि साल लिहायचं. नाव फोडणाऱ्या डॉक्टरला कलम ५-अ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. महिन्याची बेरीज फॉर्म दोनमध्ये आरोग्य खात्याकडे जाते, त्यात नावं नसतात.

संपादक मंडळ | संध्याकाळी ६:४०

कृपया कुठल्याही इस्पितळाचं, डॉक्टरचं किंवा ओळखीच्या व्यक्तीचं नाव या धाग्यावर लिहू नका. आतापर्यंत सर्वांनी सांभाळलंय, आभार.

अबोली_डिचोली | ९ जुलै, सकाळी १०:००

एका गोष्टीवर कुणी बोललं नाही. पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यात जन्मतेवेळचं लिंग गुणोत्तर हजार मुलग्यांमागे ८३८ मुली आलंय. चौथ्यात ९६६ होतं. मी शाळेत शिकवते. हे वाचून मला झोप आली नाही. आपल्या गोव्यात हे होतंय? सोनोग्राफीने लिंगनिदान करायला बंदी घालणारा कायदा १९९४चा, १९९६पासून लागू, २००३ला आणखी कडक केला, मग?

गणितवेडा (फोंडा) | सकाळी ११:२५

अबोलीबाय, काळजी योग्यच, पण त्या एका आकड्यावर झोप घालवू नका. सर्वेक्षणात अख्ख्या गोव्यातून दोन हजारांच्या आसपास बायका होत्या. एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी बाळं, १.३. मागच्या पाच वर्षांत त्यांना झालेली बाळं फार तर चारेकशे धरा. चारशे बाळांत मुलगा-मुलगी हे नाणेफेकीसारखंच. निव्वळ योगायोगाने ८३८चे ७०० होऊ शकतात किंवा १००० होऊ शकतात. ९६६ला पण तोच न्याय. ८३८ला घाबरायचं आणि ९६६वर खूष व्हायचं, असं दोन्हीकडून करता येत नाही.

जनगणना सगळ्यांना मोजते. तिच्यात गोव्याच्या ० ते ६ वयोगटात हजार मुलग्यांमागे २००१ला ९३८ मुली होत्या, २०११ला ९४२. निसर्गतः जे अपेक्षित असतं त्याहून थोडं कमी, पण देशाच्या ९१९पेक्षा बरं.

अबोली_डिचोली | सकाळी ११:५०

थोडं कमी म्हणजे शून्य नव्हे. मी तरी गप्प बसणार नाही.

गणितवेडा (फोंडा) | दुपारी १२:०२

बसूच नका. मी फक्त म्हणतो, जन्मनोंदणीचा आकडा घेऊन बोला. तिथे प्रत्येक बाळ असतं.

जुनी_एएनएम (सत्तरी) | दुपारी १२:३०

मुलगीच आहे म्हणून पाडायला गेलेली माझ्या भागात मला एकतीस वर्षांत दोनच ठाऊक. 'आता नको, पुरे झाली' म्हणून गेलेल्या कितीतरी. पेपरात दर वेळी पहिल्यांबद्दलच येतं, आणि त्यामुळे दुसऱ्या बाईलाही डॉक्टर संशयाने बघतो. 'कितवा महिना' विचारायच्या आधी 'पहिल्या मुली किती' विचारतात.

निवृत्त_स्त्रीरोग | दुपारी १:१५

बाई खरं बोलतायत. गर्भपाताचा कायदा एक, लिंगनिदानबंदीचा दुसरा. लोकांच्या डोक्यात ते एक झाले, आमच्या काही सहकाऱ्यांच्याही. भीतीने कायदेशीर गर्भपात करायचंही सोडलेले डॉक्टर मला माहीत आहेत. ते सोडल्याने गर्भपात कमी झाले नाहीत, म्हापशेकरांसारख्यांच्या काउंटरवर गेले.

पेडण्याची_शेवंती (स्विंडन) | संध्याकाळी ७:४५

मी पोर्तुगीज पासपोर्टवर इथे इंग्लंडला आले, आता बारा वर्षं इस्पितळात काम करते. इथली पद्धत सांगते. १९६७च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक गर्भपाताचा एक फॉर्म चौदा दिवसांच्या आत मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जातो. गोळ्या घरी घेतल्या तरी. दहा आठवड्यांपर्यंत घरी घेण्याची सोय ऑगस्ट २०२२मध्ये कायमची झाली. म्हणून इंग्लंड आणि वेल्समधल्या बायकांचा आकडा एक-एक करून सांगता येतो: २०२१ला २,१४,२५६, २०२२ला २,५१,३७७. वाढला की घटला यावर इथे भांडण नाही, का वाढला यावर आहे. महागाई म्हणून, की गर्भनिरोधकं मिळायला उशीर होतो म्हणून, की गोळ्या सोप्या झाल्या म्हणून.

आणि सुरंगीताईचं बेळगाव वाचून आमच्याबरोबर काम करणारी लिस्बनची एक बाई आठवली. पोर्तुगालमध्ये २००७च्या सार्वमतानंतर दहा आठवड्यांपर्यंत परवानगी मिळाली. त्याआधी तिकडच्या बायका हद्द ओलांडून स्पेनमधल्या बादाखोसला जायच्या. जगात सगळीकडे एक बेळगाव असतं गो.

सुरंगी | रात्री ८:२०

शेवंतीबाय, हे वाचून बरं वाटलं. का ते सांगता येत नाही.

दामोदर_मडगाव | रात्री ९:००

मग गोव्याचा आकडा तर कधीच कळायचा नाही. सुरंगीताईंची नोंद कर्नाटकात. तिकडून दोडामार्ग-सावंतवाडीच्या आणि कारवारच्या बायका बांबोळीच्या सरकारी इस्पितळात येतात, त्यांची गोव्यात. चौदा-पंधरा लाखांचं राज्य, दीड-दोन तासांत कुठलीही हद्द गाठता येते.

सात लाखांचं माझं म्हणणं मी सोडतो. सर्वेक्षणातल्या तीन टक्क्यांचं मात्र अजून कळलं नाही. तिथे तर बायकांना थेट विचारतात ना?

गणितवेडा (फोंडा) | रात्री ९:३५

विचारतात. पण कुठे विचारतात? ओटीवर, अनोळखी मुलगी हातात टॅब घेऊन बसलेली, आत सासू. वर्षाला पावणेतीन कोटी गरोदरपणं धरली तर तीन टक्के म्हणजे आठ-सव्वाआठ लाख. सरकारी नोंदींच्या सात लाखांच्या जवळ! म्हणजे ज्या बायकांनी रजिस्टरला सांगितलं, साधारण तेवढ्यांनीच सर्वेक्षणाला सांगितलं. तरीसुद्धा त्या सांगणाऱ्यांतल्याही सुमारे २७ टक्क्यांनी 'घरी, स्वतःच केला' असं सांगितलंय, आणि जवळजवळ निम्म्यांनी कारण दिलंय की दिवस नियोजन नसताना राहिले.

गोव्यात गर्भनिरोधनाचा वापर चौथ्या फेरीत २६ टक्के होता, पाचव्यात एकदम ६८. पाच वर्षांत एवढी उडी कुटुंबं मारत नाहीत. बाईंसारखं विचारणारं कुणी दारात आलं की उत्तर वेगळं मिळतं.

वाळवंटी (साखळी) | १२ जुलै, रात्री ८:४०

आज तास घेतला. रेषा काढली नाही. फळ्यावर पाचही आकडे लिहिले आणि प्रत्येकापुढे, तो कुणी कुणाला विचारून काढला ते लिहिलं. मग बाईंचे दोन शब्द लिहिले, पडलें आणि पाडलें. वर्ग बराच वेळ शांत होता. प्रश्न विचारणारी मुलगी शेवटी म्हणाली, "म्हणजे सर, वाढतायत की नाही हे आपण सांगू शकत नाही, पण रुग्णालयातून घरात आलेत हे सांगू शकतो." मी एवढं नेमकं सांगू शकलो नसतो.

गोव्यासाठी माहितीच्या अधिकारात अर्ज लिहिलाय, आरोग्य सेवा संचालनालयाकडे: गेल्या दहा वर्षांची फॉर्म दोनची बेरीज, तालुक्यानुसार आणि वयोगटानुसार. वकीलसाहेब, मसुदा ठीक आहे का?

पणजीवकील | रात्री ९:१०

ठीक आहे. बेरीज मागता येते, रजिस्टर मागता येत नाही.

जुनी_एएनएम (सत्तरी) | रात्री ९:५०

सर, तालुका आणि वय दोन्ही एकत्र मागू नका. आमच्या सत्तरीत एखाद्या वर्षी अठरा-वीस वयाच्या दोनच मुली असतील. कागद पेपरात आला तर वाळपईच्या बाजारात त्या कोण हे संध्याकाळपर्यंत कळेल. जिल्ह्याचं मागा.

वाळवंटी (साखळी) | रात्री १०:०५

बदलला. आता फक्त जिल्ह्यानुसार.